नारळाने चालू होणारी गाडी

आमच्या गाडीविषयी मी आजवर जे जे सांगितलं, त्यातलं निम्मं खरं आहे आणि उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे. काळ्या रानात पोटापर्यंत रुतलेला ट्रॅक्टर तिने एका दमात बाहेर ओढला, हे खरं. एका लग्नाला तिच्यातून सतरा वऱ्हाडी गेले आणि उतरताना मोजले तर अठरा निघाले, हे त्याहून खरं. घाटमाथ्यावरच्या पवनचक्क्या वाऱ्याने फिरतात असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात. आमची गाडी शेजारून गेली की त्या फिरायला लागायच्या, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

पण एक गोष्ट मी कधीच वाढवून सांगितली नाही. ती अशी की, अकरा वर्षांत ही गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. युसूफ वडगाव या आमच्या गावातल्या माझ्या बी-बियाणांच्या दुकानात गिऱ्हाईक बियाणं कमी आणि गाडीचे पराक्रम जास्त घेऊन जायचं.

लेक सहावीत होती तेव्हा गाडी आली. शिकवणीसाठी मी तिला अंबाजोगाईला नेऊन सोडायचो आणि घेऊन यायचो. गाडी सुरू झाली की पोरगी झोपायची. गावाची वेस ओलांडायच्या आत दप्तर पोटाशी धरून, तोंड उघडं टाकून गाढ. रस्त्यात खड्डे असोत, मागून ट्रक भोंगे वाजवो, तिला फरक पडायचा नाही. पण इंजिन बंद केलं की त्याच क्षणी डोळे टक्क उघडे. "आलं का घर?" म्हणायची. मी किती वेळा अंगणात चावीवर हात ठेवून नुसता बसून राहायचो, गाडी चालूच ठेवून. अजून थोडं झोपू दे म्हणून. डिझेल जळत होतं, पण ते डिझेल मी कधी हिशेबात धरलं नाही.

तीच लेक आता शिरूर कासारला दिली आहे. जावई शाळेत मास्तर. गेल्या साली नवरात्र उरकलं आणि तिकडून फोन आला, लेकीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातव्यात आणायला जायचं, हे आमच्याकडे कुणी ठरवावं लागत नाही, ते ठरलेलंच असतं. आणि आणायची कशातून, तेही माझ्या डोक्यात ठरलेलं होतं.

बातमी कळली तसे आम्ही दोघं लेकीला भेटायला गेलो. भेटलो, जेवलो, विहीणबाईंनी माझ्या बायकोची ओटी भरली आणि दुपारी आम्ही परत निघालो. बीड मागे टाकून मांजरसुंब्याचा घाट चढलो. वर आलो की मला नेहमीच वाटतं, आपण एका मोठ्या ताटाच्या काठावर येऊन बसलोय. आभाळ खाली आलेलं, रान पिवळं पडलेलं, आणि लांबवर पवनचक्क्या इतक्या सावकाश फिरत असतात की त्यांच्याकडे बघता बघता आपला श्वासही त्यांच्या चालीने पडायला लागतो.

तिथे गाडी बंद पडली.

हिसका नाही, आवाज नाही, धूर नाही. बोलता बोलता माणसाला डुलकी लागावी तशी गाडीला डुलकी लागली. इंजिनाचा काटा शून्यावर उतरला, समोरचे सगळे दिवे एकदम लागले, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. तिच्या उरल्यासुरल्या वेगावर मी तिला कडेच्या एका कडुलिंबाखाली आणली.

"काय झालं वं?" बायकोने विचारलं.

"काही न्हाई. गाडीला सावली आवडली."

"गाडीला?"

"हां. कधी कधी आवडती."

मी उतरून बॉनेट उघडलं आणि आत बघितलं. आत इंजिन होतं. एवढं माझ्या ध्यानात आलं. चावी फिरवली की ते घुरघुरायचं, पण पेट घ्यायचं नाही. फोनला रेंज होती, पण फोन कुणाला लावणार? ज्याला लावेन त्याला कळेल की ही गाडी बंद पडली. अकरा वर्षांची अब्रू माझ्या अंगठ्याखाली होती. मी फोन खिशात ठेवला.

तोवर बायको मागच्या सीटवरून ओटीतला नारळ घेऊन उतरली होती.

"हा फोडा."

"कुठं?"

"त्या दगडावर. आन देवाचं नाव घ्या, गाडीचं न्हाई."

लिंबाच्या बुडाशी एक दगड अर्धा मातीत गेलेला होता. जुन्या रस्त्याचा मैलाचा दगड. रस्ता मोठा झाला, बाजूला सरकला, आणि दगड तिथेच राहिला. त्यावरचा आकडा पुसून गेला होता. मला तो काय आहे हे पक्कं माहीत होतं. पण बायकोने बाटलीतल्या पाण्याने तो धुतला, ओटीतलं कुंकू बोटाने लावलं, दोन हात जोडले, आणि नारळ माझ्या हातात दिला. नारळाची शेंडी काढली, फोडला. गाडीच्या चावीनेच खोबरं उपसलं. मग आम्ही दोघं दगडाला पाठ लावून खोबरं खात बसलो.

खरं सांगतो, इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. गाडीच्या आवाजात गेली अकरा वर्षं मला हे माळरान नुसतं दिसत होतं. त्या दिवशी ते ऐकू आलं. गवत वाळताना बारीक कडकडतं. पवनचक्की लांबून कण्हते, एका फेरीला एकदा, म्हातारं माणूस कूस बदलताना कण्हतं तशी. तिच्या पात्याची सावली सगळं रान तुडवत आमच्या पायांपर्यंत यायची आणि आल्या वाटेने परत जायची. आता ती चक्की दोन कोस लांब होती, सावली इथवर कशी येईल, असं कुणी विचारू नये. येत होती. बायकोने लग्नानंतरच्या पहिल्या आखाडाची कुठलीशी आठवण काढली. मी अर्धी ऐकली, अर्ध्यात माझा डोळा लागला.

"उठा. चावी मारून बघा."

चावी मारली. गाडी अशी सुरू झाली जणू तिला कधी काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एकजण आला. एसटीने चालला होता, खिडकीतून आमची गाडी दिसली होती त्याला.

"काल माळावर उभा व्हतास बे. गाडी बंद पडली का काय?"

दुकानात चार माणसं होती. चौघांनीही माना वळवल्या.

"बंद?" मी म्हणालो. "ही गाडी? दर्शनाला थांबलतो."

"कशाच्या दर्शनाला?"

"तुला म्हाईत न्हाई? लिंबाखालच्या देवाच्या. लई जागृत ठिकाण हाय. तिथून नारळ न फोडता गाडी गेली, असं झालंच न्हाई कधी."

एवढंच बोललो. बाकी जे काही झालं त्यात माझा हात नाही.

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा लेकीला भेटायला गेलो. येताना, घाट चढून वर आलो आणि गाडीने त्याच लिंबाच्या अलीकडे पुन्हा डुलकी घेतली. बायकोने न बोलता डिकीतून नारळ काढला. निघतानाच ठेवला होता तिने. दगडावर ताजी फुलं होती. आमची नव्हती. नारळ, खोबरं, शांतता, चावी, आणि गाडी सुरू.

संक्रांतीनंतर वाण घेऊन तिसऱ्यांदा गेलो, तर दगडाला शेंदूर फासलेला, लिंबाला भगवं निशाण, आणि एक ट्रकवाला उदबत्ती लावून उभा. आम्हाला बघून म्हणाला, "पाव्हणं, तुमीबी आलात का? इथं थांबल्याबिगर गाडी फुडं जात न्हाई म्हनं." मी म्हणालो, "हो, ऐकलंय आम्ही." आमची गाडी तोवर त्याच्या मागे बंद पडलेलीच होती. निशाणाची काठी आमच्याच गावच्या बाजारातली होती, मी ओळखली.

इथवर मजा होती. मजा संपली ती बायकोने एका सकाळी भाकरी थापता थापता म्हटलं तेव्हा.

"फागणात लेकीला आणायचं. या गाडीतून न्हाई आणायची."

"कावून?"

"तुमाला म्हाईत न्हाई कावून? सातवा महिना हाय. उन्हात, माळावर, पोटुशी पोर घेऊन मी नारळ फोडत बसू?"

"तीनदा थांबली, तीनदा चालू झाली का न्हाई?"

"तीनदा देवानं ऐकलं. चौथ्यांदा ऐकंलच म्हणून लिहून दिलंय का त्यानं?"

मी हळू आवाजात म्हणालो, "अगं, तो मैलाचा दगड हाय. कुंकू तूच लावलंस."

तिने भाकरी उलटली. "मी कुंकू लावंपतोर दगड व्हता. आन जागृत हाय म्हणून दुकानात कोण सांगत हिंडतंय? मी का तुमी?"

 गाडी बंद पडते हे कबूल करावं तर अब्रू जाते. देव थांबवतो म्हणावं तर लेक त्या गाडीत बसत नाही. माझ्याच गोष्टीने मला दोन्हीकडून धरलं होतं.

शेवटी मी गुपचूप केजला गेलो. तिथे एक मिस्त्री आहेत, आमच्यापेक्षा वयाने मोठे, पांढरी दाढी, बोटं तेलाने काळी, आणि गाडीला हात लावायच्या आधी तिच्याशी दोन शब्द बोलणारे. मी त्यांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे नारळासकट.

त्यांनी बिघाड शोधायचं यंत्र जोडून बघितलं. त्यात काही निघालं नाही.

"थंडी गाडी झूट बोलती, मालक," ते म्हणाले. "गरम होऊ द्या, मंग बोलंल खरं."

अर्धा तास गाडी उभ्या जागी चालू ठेवली. मग त्यांनी शेजारच्या चहावाल्याकडून उकळत्या पाण्याची किटली आणवली आणि इंजिनाच्या पोटाशी कुठेतरी आत हात घालून सावकाश धार धरली. गाडी गप्प. तीच डुलकी.  मग त्यांनी माठातल्या पाण्यात फडकं भिजवलं, त्याच जागी दाबून धरलं, आणि डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मारा चावी."

सुरू.

"क्रँक सेन्सर," ते म्हणाले. "इंजिन किती गिरक्या घेतंय ते हा मोजतो. याच्या मोजण्यावर डिझेल सुटतं. घाट चढून तापला की मोजायचं विसरतो. याने मोजलं न्हाई की गाडीला वाटतं आपण उभेच हाय, मंग ती डिझेल सोडंना."

"आणि नारळ?"

मिस्त्री गालात हसले. "नारळ एकदम बराबर. सोलायला, फोडायला, खायला, वरून दुपारची झोप. तवर हा थंडा. अहो, फडक्यापेक्षा नारळ बरा. फडकं खाता येत न्हाई."

जुना सेन्सर काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. अंगठ्याएवढा, मागे वायरची शेपटी. एवढ्याशा जीवाने एक आख्खा देव उभा केला होता. नवा बसवला, पुन्हा किटली ओतली. गाडी चालूच. पुन्हा ओतली. चालूच. चहावाला ओरडला, "चाचा, माझं गिऱ्हाईक बसलंय की हो!"

घरी येऊन मी तो जुना सेन्सर बायकोपुढे ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं, गिरक्या, डिझेल, किटली. तिने तो उलटापालटा करून पाहिला.

"हा मोजायचा?"

"हां."

"आन विसरायचा?"

"तापल्यावर."

"मंग नवा विसरणार न्हाई कशावरून?"

मिस्त्रींच्या दुकानात मला हा प्रश्न पडला नव्हता. तिने विचारला आणि तो माझ्या छातीत जाऊन बसला. त्यानंतर मी वडगाव ते केज रोज गाडी फिरवायला लागलो. गाडी काही चुकली नाही. पण मी तिला ऐकत होतो. पूर्वी मी तिच्यात गाणी म्हणायचो, आता श्वास धरून बसायचो. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की गाडीवर विश्वास होता तेव्हा मी तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

फागणात शिरूरला फोन लावला. बायको लेकीला म्हणाली, दुसरी गाडी सांगू, भाड्याची, नवी कोरी. लेक म्हणाली, "आई, महिना झाला मला झोप न्हाई. या कुशीवर पोट, त्या कुशीवर पाठ. मला आप्पांच्या गाडीतूनच न्या. तिच्यात मला झोप येती."

बायकोने फोन माझ्याकडे दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"आप्पा, येता ना?"

"येतो," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण मला तो दुसऱ्या कुणाचा वाटला.

आम्ही गेलो. ऊसतोडीला गेलेली माणसं परतायला लागली होती, शिरूरच्या रस्त्याने भांडीकुंडी, बाज आणि कोंबड्यांनी लादलेले ट्रॅक्टर समोरून येत होते. कुलूप असलेली घरं उघडत होती. विहीणबाईंनी लेकीची ओटी भरली. लेक जड पावलांनी आली, मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली, आणि सीटला नाक लावून म्हणाली, "तोच वास."

शिरूरची शेवटची घरं मागे पडायच्या आत ती झोपली. तशीच, तोंड उघडं टाकून. एक महिन्याची झोप होती ती. मला आरशात दिसत होतं, बायकोचा हात तिच्या केसांतून हळूहळू फिरतोय, आणि दुसऱ्या हातात, पदराखाली, नारळ.

बीड गेलं. घाट लागला. मी गाडीला एवढं जपून चढवलं की मागून येणारा एक बैल आम्हाला मागे टाकून गेला. वर आलो. माळ तसाच, पिवळा आणि मोठा. पवनचक्क्या अर्धवट झोपेत असल्यासारख्या फिरत होत्या.  मी गिरक्या मोजत होतो. गाडीच्या नव्हे, पवनचक्कीच्या. एक. दोन. तिसरी इतक्या उशिरा आली की मला वाटलं आता ती सुद्धा विसरली.

लिंब दिसला. निशाणं आता तीन झाली होती. पत्र्याची शेड, एक घंटा, पाच-सहा माणसं. त्यातला एकजण आमची गाडी ओळखून रस्त्याच्या मधोमध आला आणि दोन्ही हात हलवायला लागला. ही तीच गाडी, जिने देव दाखवला. थांबा, थांबा!

माझा पाय आपोआप उचलला गेला. गाडीचा वेग उतरला. आता थांबायचं तर घंटा वाजणार, माणसं काचेशी गोळा होणार, आणि लेकीचे डोळे उघडणार. न थांबायचं तर बायकोच्या हातातल्या नारळाचं काय. मी आरशात बघितलं. बायको लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिने लिंबाकडे बघितलं. मग नारळ पदराखालून काढला, कपाळाला लावला, खिडकीच्या काचेशी धरला.

"निजलीय," ती देवाला म्हणाली की मला, कोण जाणे. "जाऊ द्या. थांबू नका."

रस्त्यातल्या माणसाला तिने ओठांवर बोट ठेवून दाखवलं. तो बाजूला झाला, त्याने आत डोकावून बघितलं, आणि मागे वळून बाकीच्यांना तसंच बोट दाखवलं. घंटा वाजवायला हात वर केलेला एक माणूस तसाच हात वर धरून उभा राहिला. आमची गाडी त्या सगळ्या मुक्या माणसांपुढून गेली, आणि मला तिचा आवाज पहिल्यांदा घरातल्या माणसाच्या घोरण्यासारखा वाटला. तो ऐकायचा नसतो. तो असला की आपल्यालाही झोप लागते.

लिंब आरशात लहान होत गेला. नेकनूर गेलं, केज गेलं. मी कधी गुणगुणायला लागलो ते मला कळलं नाही.

गावाच्या तोंडाशी गतिरोधक आहे. कितीही हळू घ्या, तो दणका देतोच. दणका बसला आणि माझ्या सीटखालून काहीतरी गडगडत मागे गेलं, थेट बायकोच्या पायाशी. तिने वाकून उचललं. आरशात मला तिच्या हातात दोन नारळ दिसले.

"ह्यो कुणाचा?"

"गाडीचा असंल," मी म्हणालो.

"हां. गाडीचाच असणार." ती खालच्या आवाजात हसत होती, लेक हलू नये म्हणून पोट धरून. "मैलाचा दगड म्हणं."

अंगणात गाडी लावली. कोंबड्या बाजूला झाल्या. ऊन उतरायला लागलं होतं. सवयीने माझा हात चावीकडे गेला.

"बंद करू नका," बायको म्हणाली. "राहू द्या चालू. उठंल तवा उठंल."

मी हात मागे घेतला. आम्ही तिघं, म्हणजे चौघं म्हणा, तसेच बसून राहिलो, चालू गाडीत, आमच्याच दारात.